बॉम्बरच्या पोटातली तलवार

१. लाल वस्त्र

दसऱ्याच्या सकाळी विमानाचं पोट उघडलं आणि आत तलवार नव्हती.

आता विमान आणि तलवार यांची गाठ कशी पडली, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, सांगणारा बनारसचा आहे, सकाळीच भांग घेऊन बसला असेल.

गोष्ट सन सत्तरची. बनारसच्या वेशीबाहेर एक तंत्रनिकेतन होतं. हवाई दलानं मोडीत काढलेलं चार इंजिनांचं एक बॉम्बर विमान त्यांना पोरांच्या शिक्षणासाठी मिळालं होतं. त्याच्या पोटात बॉम्ब टांगायची जागा, तिला बॉम्ब-बे म्हणायचं. माणूस ताठ उभा राहील एवढी उंच. दोन्ही बाजूंना बॉम्ब अडकवायच्या लोखंडी शिड्या, मधून जायला वीतभर रुंदीची पट्टी, आणि जमिनीच्या जागी दोन दारं. ही दारं कवाडासारखी खाली लोंबत नसत. दुकानाच्या शटरसारखी, पट्ट्यापट्ट्यांची. पुढच्या चाकाजवळचा हातपंप मारला की ती विमानाच्या दोन्ही कुशींना लागून आतल्या अंगानं वर सरकत, आणि पुन्हा मारला की खाली येऊन मिटत.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा असते. प्राचार्य वासुदेवराव चांदोरकर मूळचे नागपूरचे, हौशी माणूस. त्यांच्या डोक्यात आलं की दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाकडे पेटीत पडून असलेली जुनी तलवार या बॉम्बरच्या पोटात मांडून पुजावी. अमृतराव घाट बांधला गेला तेव्हा पुण्याहून आलेल्या कुणा शिलेदाराची ती तलवार, असं म्हणत. जुनं शस्त्र नव्या शस्त्राच्या पोटात. लोकांना कल्पना आवडली आणि दरवर्षीचा पायंडाच पडला.

यंदा मंडळानं ठराव केला होता की तलवार दिल्लीच्या एका संग्रहालयाला द्यायची. दसऱ्याला सकाळी हवाई दलाचे अधिकारी येतील, नरहरशास्त्री सगळ्यांसमक्ष उत्तरपूजा करून देवाला निरोप देतील, आणि मग तलवार पाहुण्यांच्या हाती. तोवर पूजेतल्या शस्त्राला कुणी हात लावायचा नाही, हा रिवाज.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. पंप मारला गेला. दारं करकरत वर गेली. मधल्या पट्टीवर बांधलेला चौरंग होता, झेंडूची माळ होती, दहीभाताची वाटी होती, विझलेली समई होती. लाल वस्त्राच्या मधोमध लांबट खळगा तेवढा राहिला होता.

आदल्या संध्याकाळपासून विमान बंद होतं. आत जायला नाकाखाली एक छोटी झडप होती, तिला कुलूप होतं. आणि कुलपाची किल्ली रात्रभर एकाच माणसाच्या खिशात होती.

२. अक्का

त्या माणसाचं नाव प्रल्हाद पुणतांबेकर. हवाई दलात याच जातीच्या विमानांवर बॉम्ब चढवण्यात उमेदीची वर्षं गेली, निवृत्त झाल्यावर तंत्रनिकेतनात कार्यशाळेचा शिक्षक झाला. कमी बोलणारा. दुर्गाघाटावर घर, घरी बायको अन्नपूर्णा.

आणि त्याला एक थोरली बहीण होती, कालिंदी ताम्हनकर. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून हिनं इतकी वर्षं काढली की शहरातल्या निम्म्या सासुरवाशिणी अजून तिला बघून पदर सावरायच्या. शाळेत प्रश्नपत्रिका फुटली, ते कुणी केलं हे तिनं शोधलं. संस्थेच्या देवळातली घंटा गेली, तीही तिनंच शोधली. हुशारीपेक्षा चिवटपणा जास्त. एकदा धरलं की सोडायची नाही, समोरचा कंटाळून खरं बोलायचा.

तीही दुर्गाघाटाच्याच गल्लीत राहायची; बातमी तिथे पोचली तेव्हा ती पुरण वाटत होती. पाटा तसाच टाकून, हात धुऊन ती निघाली. गल्लीच्या तोंडाशी अन्नपूर्णा भेटली. रिकामी घागर घेऊन माघारी येत होती.

"पाणी नाही भरलंस?" कालिंदीनं विचारलं.

"नळावर सगळ्या गप्प झाल्या वन्सं, मी गेल्यावर." अन्नपूर्णेनं घागर खाली ठेवली. "एक म्हणाली, आता काय बाई, चांदीच्या घागरी येतील. मी नाही थांबले."

कालिंदीला इतका संताप आला होता की तिथे आणखी थांबली असती तर त्या नळावरच गेली असती. रिक्षा केली आणि थेट तंत्रनिकेतन गाठलं.

चांदोरकर कपाळाला हात लावून कचेरीत बसले होते. "बाई, तुम्ही त्यांच्या भगिनी. तुमच्याशी काय बोलू?"

"बहीण आहे म्हणूनच आले. परक्यासाठी पुरण टाकून कोण येतं? पोलिसात दिलंत?"

"अजून नाही. पाहुण्यांपुढे शोभा नको. त्यांना नदीवर फिरायला पाठवलंय. संध्याकाळी सोनं वाटून झालं की मात्र मी ठाण्यात जाणार, आणि पुणतांबेकरांना कामावरून कमी केल्याचं पत्रही आजच निघेल. किल्ली त्यांच्याकडे होती, बाई. आणि काल त्यांचं वागणंही बरोबर नव्हतं. पूजेच्या वेळी लांब उभे. तीर्थ नाही, प्रसाद नाही. मनात काळंबेरं असल्याशिवाय माणूस देवाचा प्रसाद नाकारतो का?"

"सुतक आहे त्याला. नाशिकला चुलतभाऊ गेला, परवा तार आली. दहा दिवस तो देवाच्या वस्तूला शिवणार नाही. त्यानं तुम्हाला सांगितलं नाही?"

"म्हणाले होते काहीतरी. बाई, मी विज्ञानाचा माणूस. चोराला कसलं सुतक?"

कालिंदीनं ते वाक्य मनात ठेवून दिलं. कधीकधी माणूस वाद जिंकायला म्हणून जे फेकतो, तेच नंतर उपयोगी पडतं.

प्रल्हादला त्यांनी भांडाराच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. बाहेर पहारेकरी. तो स्टुलावर ताठ बसला होता, हवाई दलात बसत असेल तसा.

"प्रल्हाद, झालं काय?"

"अक्का, मी नेली नाही. सकाळी एकदा सांगितलं सगळ्यांना. दुसऱ्यांदा नाही सांगणार."

"अरे, पण..."

"तेवीस वर्षं ज्यांनी माझ्या हातात बॉम्ब दिले त्यांनी माझी झडती नाही घेतली. इथे माझ्या डब्यातली भाजी ढवळून बघितली." त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू जा घरी. अन्नपूर्णा एकटी आहे."

कालिंदी घरी गेली नाही.

३. लोटा आणि उपरणं

भांडारपाल गोपीनाथ तिवारीनं पहिल्यांदा प्रल्हादचं नाव घेतलं होतं, म्हणून तिनं पहिल्यांदा त्यालाच गाठलं. गोपीनाथ गोलमटोल, पान तोंडात, आणि कार्यशाळेच्या जागेवर त्याचा मेहुणा यावा ही त्याची इच्छा सगळ्यांना ठाऊक.

"बहनजी, हम झूठ काहे बोलेंगे," तो म्हणाला. "पूजा हुई. फिर प्रल्हादबाबू ने पंप मारा, दरवाजा बंद. बंदरों के मारे, नहीं तो रात भर में माला-परसाद सब साफ."

"दारं मिटली तेव्हा आत कोण होतं?"

"शास्त्रीजी. अकेले. हर साल वही रहते हैं, दीया-बाती करके नाक वाली झडप से निकलते हैं."

"किती वेळ होते?"

"अब हम घड़ी लेकर थोड़े बैठे थे? एक पान खाया, उतना. फिर निकले. बदन पर धोती, कंधे पर उपरना, हाथ में लोटा. बस. तलवार का कमर में बांधते? हाथ भर से लंबी चीज है. सबने देखा."

"तुम्ही कधी आत गेलात, दारं मिटलेली असताना?"

गोपीनाथनं कानाच्या पाळ्यांना हात लावला. "ना बहनजी. नीचे जो दरवाजा है, आदमी का वजन नहीं लेता. पट्टी से पैर फिसला तो सीधे जमीन पर. सुबह तलाशी ली तो दरवाजा खोल के, रोशनी में. एक-एक कोना देखा. भगवान कसम, कुछ नहीं था."

म्हणजे शास्त्रीबुवा रिकाम्या हातानं बाहेर आले. त्यानंतर कुलूप. सकाळी दारं उघडली ती सगळ्यांसमोर. मधल्या वेळात फाटकावर पहारेकरी होता, आणि प्रल्हाद रात्रभर परत आला नव्हता असं तो शपथेवर सांगत होता. चांदोरकरांचं म्हणणं, पहारेकरी झोपला असेल. हे म्हणणं खोडता येत नव्हतं, आणि सिद्धही करता येत नव्हतं.

कालिंदी रिक्षानं दूधविनायकाला आली. नरहरशास्त्री ओसरीवर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, गोरेपान, आवाज अजून खणखणीत. कालिंदीच्या वडिलांचे ते सहाध्यायी, तिच्या लग्नात अंतरपाट यांनीच धरला होता. तिनं वाकून नमस्कार केला.

"ये कालिंदे. कळलं मला. फार वाईट झालं." त्यांनी मांडी बदलली. "प्रल्हादाला काय करतील?"

"संध्याकाळी पोलिसात देतील. गुरुजी, काल दारं मिटल्यावर तुम्ही काय काय केलंत?"

"नेहमीचंच. समईत तेल घातलं, नैवेद्याभोवती पाणी फिरवलं, आलो बाहेर. त्या पट्टीवरून चालताना अजून माझा पाय लटपटत नाही, बरं का. सवय आहे. देव तेव्हा जागेवर होता." मग ते म्हणाले, "नुसती चौकशी करून सोडून देतील ना प्रल्हादाला?"

"सोडणार नाहीत. नोकरी तर आजच जाईल. गुरुजी, तलवार दिल्लीला जाणार होती, तुम्हाला ते पसंत होतं?"

"मंडळाचा ठराव. माझ्या पसंतीचा प्रश्न येतो कुठे?" शास्त्रीबुवा जानव्याशी चाळा करत राहिले. "अपशकुन झालाय पण. चार दिवसांनी त्या विमानात शांतिपाठ करावा म्हणतो. दारं मिटून, एकटाच बसेन. चांदोरकरांना सांगून ठेव."

तिनं मान डोलावली आणि उठली. उन्हं कलायला लागली होती. हाती काहीच आलं नव्हतं, आणि तरी रिक्षात बसल्यावर ती मनाशी घोकत होती. बाहेर गेल्याचं कुणी पाहिलं नाही. बाहेर जायला वाट नव्हती. मग बाहेर गेली असं सगळे धरून का चाललेत?

तलवार आतच होती.

४. दारामागचा झाडू

"आत?" चांदोरकर वैतागले. "बाई, सकाळी दहा जणांनी शोधलं. उंदीर असता तरी सापडला असता."

"मला बघू द्या. पोलीस आले की मग मला फाटकाच्या आत कोण घेणार?"

विमान उभं होतं तसंच होतं, पोट उघडं टाकलेलं, चौरंग तेवढा खाली काढलेला. कालिंदी खालून आत वाकली, मग उभी राहिली. खरंच लपवायला जागा नव्हती. वरती छत, नागडं. लोखंडी शिड्यांच्या आरपार दिसत होतं. मधल्या पट्टीखाली तिनं हात फिरवला, धूळ लागली. दोन्ही कुशींना चकचकीत पट्ट्यापट्ट्यांचा पत्रा, वरपासून खालपर्यंत सपाट. त्यावर तिनं बोटं वाजवली. पोकळ आवाज आला.

ती बाहेर आली, कार्यशाळेच्या पायरीवर बसली आणि पदरानं घाम पुसत विमानाकडे बघत राहिली. गोपीनाथ लांबून पान चघळत मजा पाहत होता.

तिला उगीचच घरातला झाडू आठवला. नवी सून आली होती तेव्हा रोज सकाळी शोधायची. घरभर हिंडायची आणि म्हणायची, झाडू नाहीच आहे. झाडू दारामागे टेकवलेला असायचा. दिवसभर दार उघडं, त्यामुळे दिवसभर झाडू दिसायचा नाही. दार लोटलं की समोर.

कालिंदी ताडकन उठली.

"चांदोरकर, या विमानाची भिंत कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आत मी ज्याच्यावर बोटं वाजवली, ती भिंत नव्हे. ती दारं आहेत. वर सरकून भिंतीवर बसलेली. सकाळी तुम्ही दहा जण आत गेलात ते उजेडासाठी दारं उघडून गेलात ना? मग दोन्ही भिंती तुम्ही स्वतःच झाकल्यात. दारं मिटवा."

"पंप पुणतांबेकरांशिवाय कुणाला नीट जमत नाही."

"मग त्याला आणा."

प्रल्हादला आणलं. त्यानं बहिणीकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, आणि काही न विचारता दांडा धरला. दारं करकरत खाली आली आणि मिटली.

नाकाखालच्या झडपेतून आत शिरताना कालिंदीचे गुडघे बोलले. हातात चांदोरकरांची टॉर्च. पुढे ती वीतभर पट्टी, दोन्ही बाजूंना काळोख. बाहेरून प्रल्हादचा आवाज आला, सकाळपासून पहिल्यांदा त्यात जीव होता.

"अक्का, शिडी धरून चाल. दारावर पाऊल टाकू नकोस. एक हात सुटला तरी चालेल, दोन्ही सोडू नकोस."

ती सरकत सरकत मध्यावर गेली आणि टॉर्च कुशीवर मारली. आता तिथे सपाट पत्रा नव्हता. माणसाच्या छातीसारख्या फासळ्या होत्या, एकेक हातभर खोल. तिसऱ्या आणि चौथ्या फासळीच्या मध्ये, सुती दोऱ्यानं बांधून, तलवार उभी करून ठेवलेली होती.

"मिळाली," ती म्हणाली. आवाज शांत ठेवायचा तिनं आटोकाट प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मग चांदोरकरांचं बोलणं झडपेतून आत आलं. "बाई, तुम्ही भावाचं भलं करायला गेलात आणि त्यालाच अडकवलंत. दारं मिटल्यावर आत अशी जागा निघते, हे या आवारात पुणतांबेकरांखेरीज कुणाला माहीत असणार?"

५. निरोपाचं दही

कालिंदीनं तलवार लगेच सोडवली नाही. आत उभं राहूनच तिनं टॉर्च पातं, मूठ, सगळ्यावरून सावकाश फिरवली. मग म्हणाली, "चांदोरकर, तुम्ही आत या. पट्टीवर दोघं मावतो. गोपीनाथजी, तुम्ही झडपेतून डोकं घाला. मी काही हलवण्याआधी तुम्ही बघायला हवं."

चांदोरकर लटपटत आले.

"मुठीवर काय आहे?"

"पांढरं काहीतरी. वाळलंय. आणि त्याला अक्षता चिकटल्यात."

"वास घ्या."

त्यांनी वाकून वास घेतला. "दही आहे."

"कालच्या पूजेत गंध होतं, फूल होतं, कुंकू होतं. मुठीला दही लावलेलं पाहिलंत?"

"नाही."

"तुमच्या नागपूरच्या घरी गणपतीला निरोप देताना काय करतात?"

चांदोरकरांचा चेहरा बदलला. "हातावर दही ठेवतात. अक्षता टाकतात. आणि मूर्ती जागची हलवतात."

"म्हणजे ज्यानं तलवार उचलली त्यानं आधी तिची उत्तरपूजा केली. पूजेतल्या देवाला निरोप दिल्याशिवाय त्याला हात लावता आला नाही. चोरी करताना सुद्धा नाही. आता सकाळचं आठवा. तुम्ही म्हणालात, चोराला कसलं सुतक. मान्य. प्रल्हादनं सुतक धाब्यावर बसवून तलवार उचलली असं धरू. मग असा माणूस दही शोधत बसेल? अक्षता टाकेल? सरळ उचलून फासळीत कोंबली असती. आणि तो इतका श्रद्धाळू आहे असं धरलं की निरोपाशिवाय हात लावणार नाही, तर असा माणूस सुतकात पूजा करेल? काल त्यानं प्रसाद सुद्धा घेतला नाही, हे तुम्हीच सांगितलंत. दोन्हीपैकी एक काय ते धरा. कुठलंही धरलंत तरी प्रल्हाद बसत नाही."

झडपेतल्या गोपीनाथनं पानाचा तोबरा गिळला.

"हमारे यहां दही-वही नहीं लगता," तो पुटपुटला. "हम तो ऐसे नहीं करते."

"तुम्ही नाहीच, गोपीनाथजी. तुम्ही दारं मिटल्यावर आत पाऊलच टाकलेलं नाही, तुम्हाला या फासळ्या माहीत नाहीत. ज्यांना माहीत आहेत, असे दोघंच. एक प्रल्हाद. दुसरा कोण, ते तुम्हीच मला सांगितलंत. दरवर्षी दारं मिटल्यावर आत एकटा कोण असतो?"

चांदोरकरांनी शिडी घट्ट धरली. "शास्त्रीबुवा?"

"ते रिकाम्या हातानं बाहेर आले, कारण तलवार आत ठेवून आले. वर्षभर ती मंडळाच्या पेटीत, पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे. मिरवत आणताना पाच माणसं. तिच्याजवळ एकटं असायची त्यांना तेवढीच एक वेळ मिळत होती. आणि चार दिवसांनी त्यांना इथे पुन्हा यायचंय. शांतिपाठाला, दारं मिटून, एकटे. पाहुणे गेल्यावर, सगळं थंडावल्यावर, बाहेर नजर ठेवायला कुणी नसताना."

तलवार सोडवून दोघं बाहेर आले. प्रल्हाद पंपाजवळ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तलवारीकडे त्यानं पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

चांदोरकरांनी कपाळ पुसलं. आता त्यांना हलकं वाटायला लागलं होतं. "झालं तर मग. निस्तरलं. पाहुण्यांना सांगू, घसरून सांदीत पडली होती. शास्त्रीबुवांचं वय बघा, मान बघा. नाव कशाला घ्यायचं? पुणतांबेकर, उद्यापासून कामावर या. मी विसरलो, तुम्हीही विसरा."

"नाही," कालिंदी म्हणाली.

"बाई, आता काय राहिलं?"

"घसरून पडलेल्या तलवारीला कुणी दोऱ्यानं बांधतं का? लोक म्हणतील, घाबरला आणि परत ठेवली. जन्मभर म्हणतील. तुम्ही विसराल हो, तुम्हाला विसरायला काय जातं? ज्यानं केलं त्यानं सांगायला हवं. आणि आजच."

६. गल्ली

संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी शास्त्रीबुवा रिक्षातून उतरले, तेव्हा कालिंदी फाटकाशीच उभी होती. तिनं त्यांना विमानाच्या पंखाच्या सावलीत नेलं. तलवार तिथे टेबलावर, लाल वस्त्रावर ठेवलेली होती.

शास्त्रीबुवांनी ती पाहिली. त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही तिला निरोप दिलात, गुरुजी. नसता दिलात तर कळलं नसतं."

ते खाली बसले. "निरोप न देता कसं हलवणार होतो मी तिला?" मग काही वेळानं म्हणाले, "कालिंदे, नातवंडं माझ्याशी घरात हिंदीत बोलतात. वेदपाठाला विद्यार्थी नाही. त्या घाटावर आपण कोण, कुठून आलो, हे सांगणारी तेवढी एक वस्तू राहिली होती. ती दिल्लीला काचेत बसायची. मंडळात सगळ्यांनी हात वर केले. मी एकटा काय बोलणार?"

कालिंदीला त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू, तिला स्वतःलाही तलवार जायला नको होती. पण दया आली म्हणून तिनं पकड सैल केली नाही.

"मंडळात बोलला असतात तर तुमच्या बाजूला मी उभी राहिले असते. आणखीही चारजण राहिले असते. ते राहू द्या. सकाळी प्रल्हादला धरलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"वाटलं, पुरावा नाही, सोडतील. अटक झाली असती तर मी बोललोच असतो, आईशप्पथ."

"हातात बेडी पडेपर्यंत थांबणार होता? माझी भावजय आज नळावरून रिकामी घागर घेऊन परतली, गुरुजी. ते बेडीपेक्षा कमी आहे का?"

शास्त्रीबुवा हात टेकून उठले आणि सरळ मांडवात गेले. पाहुणे होते, मंडळाची माणसं होती, शिक्षक होते. त्यांनी माईक बाजूला सारला.

"तलवार मी लपवली," ते म्हणाले. "ती जाऊ नये म्हणून. प्रल्हाद पुणतांबेकर निर्दोष आहे, आणि हे सकाळीच सांगायचं धैर्य मला झालं नाही. ठराव मंडळाचा होता. तलवार पाहुण्यांना द्या."

कुजबुज झाली, खुर्च्या सरकल्या. चांदोरकर उठून प्रल्हादकडे गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी त्याची माफी मागितली. शास्त्रीबुवा त्यांच्यामागून आले. हात जोडलेले.

"प्रल्हादा, मी चुकलो."

प्रल्हाद त्यांच्याकडे बघत होता. रागावला होता, हे साफ दिसत होतं, आणि त्यानं ते लपवलंही नाही.

"मला नका सांगू, गुरुजी. मी काय केलं नाही ते मला माहीत होतं. अन्नपूर्णेला सांगा. आणि घरात बसून नको. गल्लीत उभं राहून सांगा."

शास्त्रीबुवा, प्रल्हाद आणि कालिंदी, तिघं रिक्षानं निघाले. दुर्गाघाटाच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून शेवटचं चालत. आपट्याची पानं घेऊन माणसं घरोघर जात होती. शास्त्रीबुवांना बघून सगळे वाकत होते, आणि त्यांच्यामागे प्रल्हादला बघून वाकता वाकता थबकत होते. कालिंदी मागून सगळं बघत होती. कोण थबकलं, तेही तिनं बघून ठेवलं.

अन्नपूर्णा दारात आली. शास्त्रीबुवा पायरीखाली, गल्लीच्या फरशीवर उभे राहिले. वर खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"अन्नपूर्णे," ते म्हणाले, "तलवार मी लपवली होती. तुझ्या नवऱ्यानं नाही. त्याच्यावर आळ आला आणि मी गप्प बसलो. मला क्षमा कर."

अन्नपूर्णा उंबऱ्यावर उभी होती. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या घराच्या वरच्या मजल्याकडे. नळावर चांदीच्या घागरींचं बोलली ती बाई तिथे राहायची. खिडकी लावलेली होती, आत दिवा होता.

"पुन्हा सांगा, गुरुजी," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. त्या खिडकीत ऐकू गेलं नाही."

नरहरशास्त्र्यांनी खिडकीकडे तोंड केलं. घसा साफ केला, आणि ज्या आवाजात ते आयुष्यभर मंत्र म्हणत आले होते, त्या आवाजात पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. खिडकी उघडेपर्यंत सांगितलं.